जंगलाचा विद्यार्थी : आल्फ्रेड रसेल वॉलेस

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा माणूस वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधीच शाळेतून बाहेर पडला. त्यानंतर कोणत्याही शाळेत वा विद्यापीठात तो विद्यार्थी म्हणून कधी बसला नाही. तरीही सजीवसृष्टी कशी बदलत जाते, या कोड्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात ज्या दोघांनी स्वतंत्रपणे शोधून काढले, त्यांपैकी एक तो होता. दुसरा चार्ल्स डार्विन. डार्विनचे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी असते. वॉलेसचे नाव मी मात्र गेल्या वर्षापर्यंत ऐकलेही नव्हते. भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर इंडोनेशियाचा नकाशा काढला, बाली आणि लोंबोक या दोन चिमुकल्या बेटांमधून खडूने एक तिरपी रेघ ओढली आणि ही वॉलेसची रेषा, असे सांगून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. माझे मन त्या रेघेपाशीच घुटमळत राहिले. समुद्रात रेघ ओढणारा हा कोण? ग्रंथालयात त्याच्या मलाया द्वीपसमूहाच्या प्रवासाचे जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळाले. शब्दकोश हाताशी ठेवून ते वाचायला मला दिवाळीची सगळी सुट्टी आणि वर आणखी एक महिना लागला. पुढे त्याच्याविषयी मिळेल ते वाचले. त्यातून जो माणूस मला दिसला तो आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. नऊ भावंडांत तो आठवा. वडील कायदा शिकलेले होते, पण वकिली त्यांनी कधी केली नाही. जवळचा पैसा नको त्या व्यवहारांत घातला आणि तो बुडाला. मग स्वस्ताई शोधत बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी. हर्टफर्ड येथील शाळेत आल्फ्रेड शिकला; पण शेवटच्या वर्षी फी भरायला पैसे उरले नाहीत, तेव्हा खालच्या वर्गांतील मुलांना वाचन-गणित शिकवायचे आणि त्या बदल्यात आपण शिकायचे, अशी तडजोड झाली. आपल्याकडील कमवा आणि शिका योजनेतल्या मित्रमैत्रिणींना यात नवल वाटणार नाही. वॉलेसला मात्र त्याची फार लाज वाटे. धड विद्यार्थी नाही, धड मास्तर नाही, अशी ती अवस्था. त्यात आणखी एक गोष्ट. कोटाची कोपरे लवकर झिजू नयेत म्हणून आईने त्याला काळ्या कापडाच्या वेगळ्या बाह्या शिवून दिल्या आणि त्या घालून वर्गात बसायला सांगितले. ऐंशी वर्षे ओलांडल्यावर त्याने आत्मचरित्र लिहिले, त्यात या बाह्यांची हकीकत आहे. तोवर मानसन्मान पुष्कळ मिळाले होते, पण बाह्या विसरल्या नव्हत्या. हे वाचताना मला त्याच्याविषयी एकदम जवळीक वाटली. माझे वडील सुतारकाम करतात आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा कोणत्या बाह्या लक्षात राहतात, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

शाळा सुटल्यावर तो लंडनला थोरल्या भावाकडे, जॉनकडे गेला. जॉन सुतारकामाची उमेदवारी करीत होता! दिवसा भावाच्या कामाच्या जागी बसायचे आणि संध्याकाळी मजुरांसाठी चालणाऱ्या सभागृहात व्याख्याने ऐकायची. रॉबर्ट ओवेन या समाजवादी विचारवंताचे अनुयायी ती भरवीत. माणूस जन्माने लहानमोठा नसतो, परिस्थिती त्याला घडवते, हा विचार त्याने तिथे ऐकला आणि जन्मभर धरून ठेवला. पुढे १८३७ साली सर्वांत थोरला भाऊ विल्यम याच्याबरोबर तो जमीन मोजणीच्या कामाला लागला.

मोजणीदार आला की गावात काय होते, ते खेड्यातून आलेल्यांना ठाऊक आहे. साखळी पडते, खुणा होतात आणि कुणाचा तरी बांध सरकतो. त्या काळी इंग्लंड-वेल्समध्ये गावांच्या सामायिक जमिनींना कुंपणे पडत होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर गायराने खाजगी होत होती. गरिबाची गाय जिथे चरत होती ती जमीन बड्या जमीनदाराच्या नावे लागत होती, आणि नकाशा काढणाऱ्यांत वॉलेसबंधूही होते. त्या वयात त्याने ते मुकाट्याने केले. पुढे उतारवयात जमीन राष्ट्राच्या मालकीची असावी म्हणून चळवळ करणाऱ्या संस्थेचा तो १८८१ पासून अध्यक्ष होता, त्याचे मूळ मला या साखळीत दिसते.

मोजणीसाठी रानोमाळ हिंडताना त्याला झाडाझुडपांची नावे जाणून घ्यावीशी वाटू लागली. एका शिलिंगात मिळणारे वनस्पतिशास्त्राचे छोटे पुस्तक त्याने विकत घेतले. विल्यमला हा नाद पसंत नव्हता. वनस्पतींची नावे कळून पोट कसे भरणार, ही शंका मला वाटते जगातल्या सगळ्या थोरल्या भावांना येत असावी. १८४४ मध्ये काम कमी पडले, तेव्हा वॉलेस लेस्टर येथे एका शाळेत शिक्षक झाला. तेथील ग्रंथालयात त्याने माल्थसचा लोकसंख्येवरील ग्रंथ वाचला आणि तिथेच त्याला हेन्री वॉल्टर बेट्स भेटला. बेट्स मोजे विणवून विकणाऱ्या कारखानदाराचा मुलगा, त्याचीही शाळा लवकर सुटलेली. त्याला भुंगेरे गोळा करण्याचा छंद होता. एका लहानशा गावाच्या आसपास भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती सापडू शकतात, हे त्याने वॉलेसला दाखवले आणि वॉलेस थक्क झाला. एवढ्या जाती कशासाठी? त्या आल्या कोठून? हा प्रश्न डोक्यात घेऊन हे दोन तरुण १८४८ साली बोटीत बसले आणि दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या मुखाशी, पारा बंदरात उतरले. खिशात पैसा नव्हता. पक्षी, किडे, फुलपाखरे पकडून लंडनच्या दलालाकडे पाठवायची, त्याने ती हौशी संग्राहकांना विकायची आणि त्या पैशांवर जगायचे. सरकारी मदत नाही, जहाजावर डार्विनसारखी कप्तानाच्या टेबलाशी जागा नाही.

ॲमेझॉनची चार वर्षे मी थोडक्यात सांगते. वॉलेस रिओ नेग्रो नदीवरून फार आत, जिथे युरोपीय माणूस क्वचितच गेला असेल अशा भागात पोहोचला. धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला होता, तो १८५१ मध्ये पारा येथे पीतज्वराने वारला. १८५२ च्या जुलैत वॉलेस हेलन नावाच्या जहाजातून परत निघाला. बरोबर शेवटच्या दोन वर्षांतील सर्वोत्तम संग्रह, टिपणे आणि काही जिवंत पोपट व माकडे होती. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाला आग लागली. एका पत्र्याच्या पेटीत मावतील तेवढी माशांची आणि ताडवृक्षांची चित्रे घेऊन तो होडीत उतरला आणि बाकीचे सारे डोळ्यांदेखत जळताना त्याने पाहिले. दहा दिवस उघड्या होड्यांत काढल्यावर एका मालवाहू जहाजाने त्यांना उचलले. दलालाने विमा उतरवला होता म्हणून उपासमार टळली एवढेच. एखादा माणूस पुन्हा समुद्राचे नाव काढणार नाही. वॉलेसने पुढच्याच वर्षी दोन पुस्तके छापली आणि १८५४ मध्ये तो पुन्हा निघाला. या वेळी पूर्वेकडे.

एप्रिल १८५४ मध्ये तो सिंगापूरला पोहोचला. बरोबर चार्ल्स ॲलन नावाचा एक पोरसवदा मदतनीस होता. शहरापासून आत बुकित तिमा नावाची टेकडी आहे. उंची सुमारे १६३ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ती टेकाडच म्हणायची. पण विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत असल्याने तिच्यावर खरे वर्षावन होते : वर्षभर पाऊस, वर्षभर हिरवे, सरळसोट उंच खोड, त्याखाली दुसरा थर, त्याखाली वेत आणि नेचे. पायथ्याशी एका फ्रेंच कॅथलिक धर्मोपदेशकाचे ठाणे होते, तिथे वॉलेसला आसरा मिळाला. सकाळी उठून टेकडीवर जायचे, दुपारनंतर परतायचे, मग आणलेले किडे टाचणीला लावून चिठ्ठ्या लिहीत बसायचे.

टेकडीवर वाघ होते. मळ्यांत काम करणाऱ्या चिनी मजुरांना ते उचलून नेत. सरासरी रोज एक माणूस जातो, असे त्या वेळी बोलले जाई आणि वॉलेसने तसे लिहूनही ठेवले आहे. वाघांसाठी जागोजागी खड्डे खणलेले असत, पंधरा-वीस फूट खोल, वर काटक्या आणि पाने पसरलेली. पूर्वी खड्ड्याच्या तळाशी टोकदार खुंटा रोवत. पण एक वाटसरू त्यावर पडून मेला, तेव्हापासून खुंट्याला बंदी झाली. अशा खड्ड्यांच्या कडेकडेने, खाली बघत, भुंगेरे वेचत हा माणूस फिरत होता. ओंडक्यांमागे वाघ दबा धरून बसला असेल, या विचाराने जीव थोडा घाबरतो, अशी कबुलीही त्याने दिली आहे. पण त्याने जाणे थांबवले नाही.

दोन महिन्यांत त्याला भुंगेऱ्यांच्या सुमारे ७०० जाती मिळाल्या! त्यांपैकी १३० जाती तर लांब मिशांच्या, लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या होत्या. बहुतेक साऱ्या एका चौरस मैलाहून मोठ्या नसलेल्या जंगलाच्या तुकड्यात. हे वाचून मी चकित झाले. पण त्याचे त्याने दिलेले कारण वाचले तेव्हा अधिकच विचारात पडले. हवा, पाऊस, झाडी ही कारणे तर होतीच. त्याखेरीज मोठे कारण म्हणजे टेकडीवर चाललेली लाकूडतोड. चिनी करवते तिथे काही वर्षे झाडे पाडीत होते. त्यामुळे आडवे ओंडके, सुकलेली पाने, सडती साल आणि भुसा यांचा कधी तुटवडा नव्हता, आणि या सगळ्यावर किड्यांची जत्रा भरत होती. आमच्या पडवीत ताजे लाकूड येऊन पडले की दोनचार दिवसांत कुठून कोण जाणे, लांब मिशांचे भुंगेरे येतात. वडील त्यांना चपलेने मारतात, कारण ते घरात आले की तुळयांचे काही खरे नाही. त्यामुळे वॉलेसचे म्हणणे मला लगेच पटले. पण मग असेही मनात आले, की संग्राहकाला ही टेकडी सर्वांत उदार वाटली ती ती मरत होती तेव्हा. झाडे पडत होती म्हणून भुंगेरे खाली येत होते. वॉलेसने ते जसे पाहिले तसे नोंदले, त्यावर अश्रू ढाळले नाहीत. त्या वेळी त्याच्या दृष्टीने जंगल संपण्यासारखी वस्तूच नव्हती.

तिथून तो बोर्निओत, सारावाक येथे गेला. सिमुंजोन येथे कोळशाची खाण नुकतीच सुरू होत होती आणि तिथेही झाडे तोडून रस्ता काढला जात होता. वॉलेसने मजुरांना सांगितले, एका किड्याला एक सेंट. झाले! डायाक आणि चिनी मजूर ओंजळी भरभरून किडे आणू लागले. तिथे भुंगेऱ्यांच्या सुमारे दोन हजार जाती जमल्या. एका चिनी मजुराने झाडावरून तरंगत खाली येणारा एक मोठा हिरवा बेडूक आणून दिला. त्याच्या बोटांमधील पडदे पसरले की छत्रीसारखे होत. आज त्या बेडकाला वॉलेसचा उडता बेडूक म्हणतात. मजुराचे नाव कुठेच नाही.

आता एक प्रसंग सांगणे भाग आहे. तो मला आवडला नाही, पण तो गाळून वॉलेसचे चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सारावाकमध्ये तो ओरांगउटानांच्या शोधात होता. त्याने एकामागून एक अनेक ओरांगउटान बंदुकीने मारले, कातडी सोलली, सांगाडे उकळून साफ केले आणि इंग्लंडला पाठवण्यासाठी बांधले. एका मादीला मारले तेव्हा जवळच दलदलीत तिचे पिल्लू तोंडावर पडलेले आढळले. फूटभर लांबीचे, अजून एकही दात न आलेले. वॉलेसने त्याला उचलले, तर त्याने त्याची दाढी मुठीत घट्ट पकडली आणि सोडीना. घरी आणून त्याने त्याला वाढवायचे ठरवले. दूध मिळत नव्हते, म्हणून बाटलीच्या बुचात पिसाची नळी बसवून तांदळाची पेज पाजली. आंघोळ घातली, केस विंचरले, लोंबकळायला छोटी शिडी केली. पिल्लू सारखे काहीतरी केसाळ धरू पाहते, हे बघून त्याने म्हशीच्या कातड्याची गुंडाळी करून त्याला आई बनवून दिली. पिल्लू तिला चिकटले खरे, पण दूध शोधताना त्याच्या तोंडात नुसते केस जाऊ लागले, तेव्हा ती काढून टाकावी लागली. सोबतीला एक लहान माकड आणले, ते दोघे एकमेकांना बिलगून झोपत. जवळजवळ तीन महिन्यांनी पिल्लू आजारी पडून मेले. वॉलेसला मनापासून दुःख झाले. मग त्याने त्याचेही कातडे आणि सांगाडा जपून ठेवला, आणि ते करताना त्याच्या लक्षात आले, की झाडावरून पडले त्या दिवशी पिल्लाचा एक हात आणि एक पाय मोडलेला होता. हाडे आपोआप जुळून आली होती. इतके दिवस त्याला आंघोळ घालणाऱ्याला तिथे फक्त टणक गाठी लागल्या होत्या.

याला काय म्हणावे? माझी मैत्रीण म्हणते, हा शुद्ध ढोंगीपणा. प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, त्या काळी दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन शास्त्र होत नव्हते, नमुना हाती असल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नसे आणि शिवाय त्याचे पोट त्या कातड्यांवर होते. दोन्ही म्हणणी मला अर्धीअर्धी पटतात. एवढे मात्र खरे, की त्याने काही लपवले नाही. पिल्लाची सारी हकीकत, मोडक्या हातासकट, त्याने स्वतः छापली म्हणूनच आज आपण त्याला दोष देऊ शकतो.

याच सारावाकमध्ये १८५५ च्या अखेरीस त्याने अली नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा मलायी मुलगा स्वयंपाकाला ठेवला. अली हुशार निघाला. वॉलेस त्याच्याकडून मलायी भाषा बोलायला शिकला आणि अली वॉलेसकडून बंदूक चालवायला आणि पक्ष्यांचे कातडे सोलायला. थोड्याच दिवसांत अलीच मुख्य शिकारी झाला. वॉलेस तापाने फणफणला की शुश्रूषा करायला अली. ऑक्टोबर १८५८ मध्ये बाचान बेटावर अली जंगलातून परतला, कमरेला पक्षी लटकवलेले, आणि त्यांतला एक त्याने मुद्दाम पुढे केला. छातीवर झळाळता हिरवा रंग, खांद्यांतून निघालेली दोन-दोन लांब पांढरी पिसे. स्वर्गपक्ष्यांची ती एक पूर्णपणे नवी जात होती. लंडनच्या पंडितांनी तिला शास्त्रीय नाव दिले ते वॉलेसच्या नावावरून. हे नाव ठेवण्याचे काम वॉलेसचे नव्हते, आणि पक्षी अलीने आणला हे त्याने पुस्तकात स्वच्छ लिहिले आहे. तरी पण नाव कोणाचे राहिले, तेही खरेच.

फळ्यावरच्या रेघेकडे येते. १८५६ च्या जूनमध्ये वॉलेस बालीहून लोंबोकला गेला. खरे तर त्याला सेलेबीसला जायचे होते, पण सरळ जहाज मिळाले नाही म्हणून हा वळसा. मधली सामुद्रधुनी इतकी अरुंद, की स्वच्छ हवेत पलीकडचा डोंगर दिसतो. बालीत त्याने तांबट, सुतारपक्षी पाहिले होते, सारे आशियातले, म्हणजे आपल्या ओळखीच्या कुळांतले. लोंबोकला उतरतो तो डोक्यावरून पांढरे काकाकुवे ओरडत गेले. ते ऑस्ट्रेलियाकडचे. हवा तीच, माती तीच, पाऊस तोच, मग पाहुणे वेगळे का? त्याने ओळखले, की आजच्या हवापाण्यात याचे उत्तर नाही, ते जमिनीच्या इतिहासात आहे. एके काळी बाली, जावा, सुमात्रा, बोर्निओ आशियाच्या भूमीला जोडलेले असले पाहिजेत आणि लोंबोकच्या बाजूला खोल समुद्राने कायम फारकत ठेवली असली पाहिजे. समुद्रतळ मोजायची साधने आजच्यासारखी नसताना पक्ष्यांवरून त्याने समुद्राची खोली ताडली! तिला वॉलेसची रेषा हे नाव १८६८ मध्ये हक्स्लीने दिले.

१८५७ साली तो न्यू गिनीजवळच्या आरू बेटांवर होता. तिथे त्याला राजा स्वर्गपक्षी मिळाला. साळुंकीहूनही लहान, शेंदरी-लाल, शेपटीतून दोन तारा निघालेल्या आणि त्यांच्या टोकाला हिरव्या रंगाची वेटोळी चकती. त्याचा आनंद पाहून तिथले लोक हसू लागले. त्यांच्या दृष्टीने तो रोजचा पक्षी. त्या आनंदातच वॉलेसच्या मनात एक खिन्न विचार आला. पिढ्यान्पिढ्या हा पक्षी या अंधाऱ्या रानात जन्मला आणि मेला, त्याचे रूप पाहायला कोणी सुशिक्षित डोळा नव्हता. आणि उद्या सुधारलेला माणूस इथवर पोहोचला, तर जंगलाचा तोल असा बिघडवील की ज्याचे सौंदर्य त्याला एकट्याला कळते, तेच प्राणी नाहीसे होतील. तेव्हा या जीवांची उत्पत्ती माणसाच्या सुखासाठी झालेली नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. बुकित तिमाच्या भुशात भुंगेरे वेचणाऱ्या माणसाला तीन वर्षांच्या जंगलवासाने इथवर आणले होते.

फेब्रुवारी १८५८. तेर्नाते बेटाच्या परिसरात थंडी-तापाने तो अंथरुणाला खिळला होता. भर उकाड्यात ब्लँकेट पांघरून पडल्या पडल्या त्याला लेस्टरच्या ग्रंथालयातला माल्थस आठवला. दुष्काळ, रोगराई, लढाया यांमुळे माणसांची संख्या रोखली जाते. प्राण्यांची वीण तर कितीतरी अधिक, मग त्यांतले कोण जगतात आणि कोण मरतात? जे परिस्थितीला अधिक जुळणारे ते जगतात! नैसर्गिक निवड हीच. ताप उतरताच त्याने निबंध लिहून काढला आणि टपालाने इंग्लंडला पाठवला. कुणाला? डार्विनला.

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. डार्विन वीस वर्षे याच कल्पनेवर काम करीत होता, पण त्याने ती छापली नव्हती. १८ जून १८५८ ला वॉलेसचा निबंध हाती पडताच तो हादरला. त्याच्या मित्रांनी, लायेल आणि हूकर यांनी, तोडगा काढला : १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत आधी डार्विनचे जुने लिखाण आणि शेवटी वॉलेसचा निबंध वाचला गेला. वॉलेसला कुणी विचारले नाही, विचारणे शक्यही नव्हते; तो तेव्हा न्यू गिनीत होता आणि पत्र जायला महिने लागत. त्या सभेला डार्विनही नव्हता. तीन दिवसांपूर्वी त्याचे तान्हे मूल गेले होते.

आमच्या वर्गात यावर वाद झाला. बहुतेकांचे म्हणणे, की गरिबाला डावलले. मला तसे वाटत नाही. डार्विनकडे १८४४ चा लिखित निबंध होता, हे नाकारता येणार नाही. वॉलेसला बातमी कळली तेव्हा त्याने आईला पत्र लिहिले ते अभिमानाने भरलेले. इतक्या मोठ्या लोकांनी आपला निबंध वाचला याचा त्याला आनंद झाला होता. मला खटकते ते हेच. परवानगीवाचून आपले लिखाण वाचले गेले, तरी ज्याला तो उपकार वाटतो, त्याच्या अंगावर अजून त्या काळ्या बाह्या आहेत, असे मला वाटते. पुढे त्याने डार्विनवादावर स्वतः ग्रंथ लिहिला (१८८९) आणि त्याला नावही डार्विनचेच दिले.

आठ वर्षांत त्याने सुमारे चौदा हजार मैल प्रवास केला आणि १,२५,६६० नमुने जमवले. त्यांत ८३,२०० भुंगेरे, ८,०५० पक्षी. १८६२ मध्ये परतताना सिंगापूरला त्याला दोन जिवंत स्वर्गपक्षी विकत मिळाले, शंभर पौंडांना. त्यांना घेऊन तो मुंबईला आला! मुंबईत त्याचा आठवडाभर मुक्काम होता आणि त्याचे एक कारण म्हणजे पक्ष्यांसाठी ताजी केळी भरून घेणे. केळ्यांइतकीच झुरळेही त्यांना लागत. साहेबी आगबोटींवर स्वच्छता फार, म्हणून हा विद्वान रात्री तासभर खलाशांच्या बाजूला झुरळे शोधत फिरे. माल्टा बेटावर एका बेकरीत ती मुबलक मिळाली, तेव्हा बिस्किटांचे डबे भरून बरोबर घेतली. पक्षी लंडनला सुखरूप पोहोचले आणि प्राणिसंग्रहालयात लोक त्यांना बघायला गर्दी करू लागले.

नंतरचे आयुष्य साधे आणि ओढगस्तीचे. १८६६ मध्ये त्याने ॲनी मिटन हिच्याशी लग्न केले. १८६९ चे मलाया द्वीपसमूहाचे पुस्तक डार्विनला अर्पण केले. कायमची नोकरी त्याला कधीच मिळाली नाही. मिळालेले पैसे खाणी आणि रेल्वेच्या व्यवहारांत बुडाले (वडिलांचाच वारसा!), आणि वर्षानुवर्षे परीक्षेचे पेपर तपासून त्याने घर चालवले. आपल्या प्राध्यापकवर्गाला हे वाचून बरे वाटेल की वाईट, मी सांगू शकत नाही. शेवटी डार्विनने खटपट करून १८८१ साली सरकारकडून त्याला वर्षाला दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन मिळवून दिले. भुताखेतांच्या बैठकांवर त्याचा विश्वास बसला आणि देवीच्या लसीला त्याने विरोध केला. या दोन्ही बाबतींत तो चुकला, असे माझे स्पष्ट मत आहे. १८८९ मध्ये ऑक्सफर्डने त्याला सन्माननीय पदवी दिली. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, नव्वदी ओलांडून, तो वारला.

बुकित तिमाचे काय झाले? १८८३ मध्ये ती टेकडी राखीव वन झाली आणि सिंगापूरचे बाकीचे जंगल मळ्यांनी आणि घरांनी खाल्ले तरी हा तुकडा वाचला. आज सुमारे १६३ हेक्टर. वाघ १९३० च्या दशकापर्यंत संपले. पण लांब शेपटीची माकडे आहेत, खवलेमांजर आहे, झाडावरून झाडावर तरंगणारा कोलुगो आहे. १९८६ मध्ये द्रुतगती मार्गाने हे रान शेजारच्या मोठ्या रानापासून तोडले गेले, तेव्हा तेही एक बेटच झाले. २०१३ मध्ये त्या रस्त्यावरून सुमारे पन्नास मीटर रुंदीचा, वर झाडे लावलेला पूल बांधला, खास प्राण्यांनी ओलांडावे म्हणून. जवळच्या एका पायवाटेला वॉलेसचे नाव आहे.

अलीची गोष्ट मात्र राहिली. १८६२ मध्ये सिंगापूरला निरोप घेताना वॉलेसने त्याला पैसे, दोन बंदुका आणि हत्यारे दिली आणि त्याचा फोटो काढवून घेतला. त्या फोटोत अली युरोपीय कपड्यांत आहे. १९०७ साली टॉमस बार्बर नावाचा तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नातेला गेला असता विटलेली निळी टोपी घातलेला एक सुरकुतलेला म्हातारा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने आपले नाव अली वॉलेस असे सांगितले. बार्बरने परत गेल्यावर हे वॉलेसला कळवले. चौऱ्याऐंशीच्या घरातल्या वॉलेसने लगेच उत्तर पाठवले. जीवघेण्या तापातून अलीने आपल्याला कसे वाचवले, त्या दिवसांच्या आठवणी त्या पत्रात होत्या. ते पत्र पुढे बार्बरकडून हरवले.